नागोशी सुमिए यांची निळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी निळी मतपट्टी आहे, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी फक्त एकदा कामाला आले. त्या एका वेळेबद्दल मला बोलायचे आहे. ती अहवालात नोंदलेली आहे, पण जेमतेम अर्ध्या ओळीत. त्या अर्ध्या ओळीने मला इतकी वर्षे स्वस्थ पडू दिलेले नाही.

माझी मापे आधी सांगते. लांबी दहा सेंटीमीटर, रुंदी तीन, जाडी सात मिलिमीटर, वजन नऊ ग्रॅम. लाकूड हिनोकीचे, म्हणजे जपानी सुरूचे. आमच्या प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक झाली की एका लांब फळीतून प्रत्येक सदस्यासाठी दोन पट्ट्या कापत. एक पांढरी राही, दुसरीला निळ्या रंगाचे दोन हात देत. माझी पांढरी बहीण माझ्या शेजारूनच कापली गेली. आम्हा दोघींना कडेला कड लावून ठेवले, तर लाकडाची रेष माझ्या अंगावरून तिच्या अंगावर सरळ चालत जाते.

आमच्यावर नाव लिहिले तादोकोरो-सान यांनी. ते विधिमंडळाच्या कचेरीतले जुने कारकून. नवीन सदस्यांची यादी आली की ते बाह्या वर करून कुंचला घेऊन बसत. "एक्केचाळीस माणसं निवडून आली," ते शेजारच्याला म्हणाले होते, "आणि ब्याऐंशी पट्ट्या माझ्या मानेवर आल्या." मग श्वास रोखून त्यांनी माझ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिले, नागोशी सुमिए.

पांढरी म्हणजे होकार. निळी म्हणजे नकार. साधी कामे सदस्य नुसते उभे राहून मंजूर करत. वादाचा विषय असला की सभागृहाची दारे आतून बंद होत, सभापती क्रमांकाने नावे पुकारत, आणि एकेक सदस्य आपली पट्टी घेऊन व्यासपीठावर चालत जाई. तिथे कारकून ती घेई आणि पांढऱ्यांची एक, निळ्यांची एक अशा दोन चळती रचत जाई. कुणी कुठली पट्टी दिली, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडे.

नागोशी सुमिए तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. ओकिनोसे नावाच्या बेटावर त्यांनी सव्वीस वर्षे आरोग्य परिचारिका म्हणून काम केले होते. रक्तदाबाचे यंत्र खांद्याला लावून त्या दारोदार फिरत. प्रांतात माणसे राहतात अशी सात बेटे आहेत, आणि प्रत्येक बेटावर एक कायमची परिचारिका नेमण्याचा कायदा करून घेईन, एवढ्या एकाच वचनावर त्या निवडून आल्या होत्या. पहिल्या दिवशी आपल्या एकोणतिसाव्या आसनावर बसून त्यांनी बाकातला खण उघडला, आम्हा दोघींना दोन तळहातांवर घेतले आणि हळूच म्हणाल्या, "तू हो, तू नाही. कुणालाच रिकामी बसू देणार नाही हं मी."

मी त्या वाक्यावर विसंबून राहिले. लाकूड भोळे असते.

शेजारच्या तिसाव्या आसनावर हिराइवा-सान बसत. सर्वांत मोठ्या गटाचे ते सचिव. गोल चेहरा, मऊ आवाज, आणि बोलताना समोरच्याच्या बाकावर दोन बोटे ठेवण्याची सवय. पहिल्याच सत्रात त्यांनी ती दोन बोटे आमच्या बाकावर ठेवली. सदस्यांना आदराने 'सेन्सेई' म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

"सेन्सेई, कायदा एकट्याने होत नाही. आमच्या गटात या. गटातल्या चौदा जणांच्या सह्या झाल्या की गट तुमचा मसुदा मांडेल. आणि गटाने मांडला, की झालाच समजा."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही हो. गटाबरोबर चालायचं."

नागोशी-सान गटात गेल्या. गटाची माणसे बावीस झाली. त्यांतले एक सभापती, आणि सभापती मत देत नाहीत. म्हणजे मतदानाला गटाची एकवीस आणि बाकीच्यांची एकोणीस. हा हिशेब साधा होता, आणि त्यात माझी गरज कुठेच नव्हती.

पहिल्या वर्षी पट्ट्यांनी सात वेळा मतदान झाले. सातही वेळा त्यांचा हात उजव्या कप्प्यात गेला, जिथे माझी बहीण असे. पूल, बंदराची भिंत, नव्या समित्या. मी डाव्या कप्प्यात ऐकत पडून राही. जूनच्या दमट हवेत मी किंचित फुगून कप्प्यात घट्ट बसे, जानेवारीत आक्रसून सैल होई. चार वर्षांत माझी म्हणावी अशी हालचाल एवढीच. बाक हलला की मी दोन मिलिमीटर सरकून कप्प्याच्या भिंतीवर आपटे, आणि आपली कुणीतरी आठवण काढली असे मला उगाचच वाटे.

प्रत्येक सत्राच्या शेवटी नागोशी-सान विचारत, "माझ्या मसुद्याचं?"

"पुढच्या सत्रात नक्की."

"मागच्या वेळीही पुढचंच सत्र म्हणाला होतात."

"तेव्हा ते पुढचंच होतं की!" हिराइवा हसत, आणि नागोशी-सानही नाइलाजाने हसत.

तिसऱ्या वर्षी डोंगराकडची दोन विद्यालये एकत्र करण्याचा प्रस्ताव आला. तेव्हा त्यांची बोटे पहिल्यांदा माझ्यापर्यंत पोचली. ती थंड होती. माझ्या कडेवरून टोकापर्यंत एकदा फिरली आणि परत गेली. ते चौदावे मतदान. तेही पांढरेच झाले. त्या रात्री त्यांना झोप कशी लागली ते मला माहीत नाही. पण पुढचे पूर्ण सत्र त्या बसल्या की गुडघा हलवत राहत, आणि त्या थरथरीने खणात मी आणि बहीण दोघीही खुळखुळत असू.

चौथ्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत बहिणीच्या तेवीस फेऱ्या झाल्या होत्या. घामाच्या बोटांनी ती राखाडी पडली होती, आणि तिच्यावरचे नाव वाचायला जवळ न्यावे लागे. त्याच महिन्यात प्रांतपालांच्या कचेरीतून नवा मसुदा आला. एप्रिलपासून ओकिनोसेचा दवाखाना बंद. रोज सरासरी नऊच रुग्ण येतात, म्हणून डॉक्टर यापुढे किनाऱ्यावरच्या रुग्णालयातून पडद्यावर दिसतील. बोटीने तिथे पोचायला एक तास पन्नास मिनिटे लागतात, आणि हिवाळी वारा सुटला की बोट लागतच नाही. मसुद्यात बोटीचा उल्लेख होता. वाऱ्याचा नव्हता.

त्या शनिवारी नागोशी-सान यांनी बाकावरचे कागद घाईने गोळा केले, आणि त्यांच्या घडीत मीही पिशवीत गेले. पट्ट्या इमारतीबाहेर न्यायला सक्त मनाई आहे. पण मला कोण विचारतो? मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ऐकला.

बेटावरच्या सभागृहात तीसेक माणसे चटईवर बसली होती. मध्ये संत्री, भाजलेले सुके माकूल आणि चहाचे पेले. सर्वांत पुढे हामाबे तोयो बसल्या होत्या. वय त्र्याऐंशी. पन्नास वर्षे त्यांनी समुद्रात बुड्या मारून शंख काढले होते, त्यामुळे कानांनी कमी ऐकू येई आणि त्या मोठ्याने बोलत. त्यांच्या हातात विधिमंडळाचे वार्तापत्र होते. त्यात डावीकडे सदस्यांची नावे, वर प्रस्ताव, आणि चौकटींत होकाराला गोल, नकाराला फुली असे छापलेले असते.

"सुमि-चान, तुझ्या ओळीत तेवीस गोल आहेत बघ. मी दोनदा मोजले. मला वाटलं छापणाऱ्याचा शिक्काच अडकला!"

सगळे हसले. नागोशी-सानही हसल्या, पण त्यांचा गुडघा हलत होता.

"तोयो-सान, परिचारिकांच्या कायद्यासाठी थांबलेय मी. गटाबरोबर राहिले तरच तो होईल."

"आणि दवाखान्याचं?" बोटीची तिकिटे देणारे मिनोवा-सान मागून म्हणाले. "आमच्याकडे पत्रक आलंय. पडद्यावर डॉक्टर दिसणार म्हणे."

"पडद्यावरचा डॉक्टर टाके घालतो का ग?" तोयो-सान यांनी विचारले.

"नाही."

"मग करतो काय?"

"जपून राहा म्हणतो!" मिनोवा म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. या वेळी तो लवकर विरला.

नागोशी-सान यांनी मसुदा दाखवायला पिशवीतून कागद ओढले, आणि मी टपकन चटईवर पडले. तोयो-सान यांनी मला उचलून नाकाशी नेले.

"हे काय?"

"अरे देवा! ही इथे कशी आली? ती माझी मतपट्टी. नकाराची."

"करकरीत आहे की. आणि होकाराची कशी दिसते?"

नागोशी-सान यांना खोटे बोलता आले असते. विधिमंडळातली पट्टी बेटावरून कोण बघायला जाणार होते?

"ती मळलीय. नाव पुसट झालंय."

कुणी हसले नाही. तोयो-सान यांनी मला पदरासारख्या बांधलेल्या रुमालाने उगाच पुसले आणि नागोशी-सान यांच्या हातात परत दिले. "हरवू नकोस हो," एवढेच त्या म्हणाल्या.

सोमवारी नागोशी-सान यांनी मला तादोकोरो-सान यांच्यापुढे ठेवून दोन्ही हात जोडले. "माफ करा. चुकून बेटावर जाऊन आली."

"सेन्सेई, सव्वीस वर्षांत माझी एकही पट्टी फिरायला गेली नव्हती." त्यांनी मला उलटसुलट पाहिले, कडा तपासल्या. "हवा लागली हिला. नीट बसवा कप्प्यात." आणि मग, मान वर न करता, "खूप दिवस एकाच जागी राहिलं की लाकूडही वाकतं."

सतरा डिसेंबर. सत्राचा शेवटचा दिवस. सकाळी दारे बंद होण्यापूर्वी हिराइवा-सान यांनी एक कागद बाकावर ठेवला. मी खणातून ऐकत होते.

"मोजून घ्या. चौदा."

नागोशी-सान यांचे बोट कागदावरून एकेका सहीवर सरकत गेले. त्याचा घासल्याचा आवाज मी चौदा वेळा ऐकला.

"फेब्रुवारीत मांडू. सात बेटं, सात परिचारिका. आज फक्त नेहमीसारखं करायचं."

"म्हणजे दवाखाना बंद करायचा."

"एक दवाखाना. बदल्यात सात परिचारिका. तुम्ही शिकलेल्या आहात, हिशेब करा."

"ओकिनोसेची परिचारिका बसणार कुठे? धक्क्यावर?"

"जागा बघू हो. आधी नेमणूक तर होऊ दे." मऊ आवाज आणखी मऊ झाला. "सुमिए-सान, चार वर्षं थांबलात. आज एक पाऊल चुकाल तर हा कागद म्हणजे रद्दी. मी धमकी देत नाहीये. मला या चौदा जणांची ओळख आहे, म्हणून सांगतोय."

मित्रांनो, हिराइवा खोटे बोलत नव्हते, हे मला सांगितलेच पाहिजे. सात परिचारिका खऱ्याच मिळाल्या असत्या. बाकीच्या सहा बेटांवरच्या माणसांना त्यांची गरजही खरी होती. म्हणूनच त्या सकाळी नागोशी-सान यांनी मला तीनदा उचलले आणि तीनदा परत ठेवले. चौथ्यांदा उचलले तेव्हा परत ठेवले नाही. त्यांनी मला बाकावर ठेवले. तेवढ्यात हिराइवांची मान वळली असावी, कारण पटकन त्या दिवशीची कार्यपत्रिका माझ्यावर आडवी पडली आणि अंधार झाला. पण तो कप्प्यातला अंधार नव्हता. वरून उजेड झिरपत होता.

दारांच्या कड्या लागल्या. नावे सुरू झाली. आमचे सभापती कोगुरे-सान सगळ्यांच्याच नावापुढे पोरांना लावतात ते 'कुन' लावून पुकारत, नातवंडे असलेल्या बायकांनासुद्धा. सभागृहाची ती पद्धतच आहे.

"एकोणतीस. नागोशी सुमिए-कुन."

त्या उठल्या. मी श्वास रोखला, म्हणजे लाकूड जो काही रोखते तो. आता कागद उचलला जाईल. पण कागद हलला नाही. तेवीस वेळा जो हात गेला होता तो चोविसाव्या वेळीही आपोआप खणातच गेला. खणात आता एकच पट्टी होती. ती त्या हाताने घेतली. त्यांची नजर समोर सभापतींवर असावी. खण बंद झाल्याचा आवाज झाला आणि पावले निघाली.

त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ते काय सांगू? मला ओरडता येत नाही. सरकता येत नाही. जुन्या सभागृहाची जमीन लाकडी होती, आणि त्या बाकापासून व्यासपीठापर्यंत एकतीस पावले आहेत, हे मला तेवीस फेऱ्यांवरून ठाऊक होते. मी मोजू लागले. दहा. अकरा. उजवी टाच थोडी जोरात पडत होती. पंधरा. सोळा. बहीण त्यांच्या मुठीत होती, आणि मूठ मिटलेली असली की रंग दिसत नाही. अठरा. एकोणीस.

विसावे पाऊल पडले नाही. मूठ उघडून त्यांनी आतला रंग पाहिला असावा.

सभागृहात पुढे चालणारा माणूस थांबला की मागची रांगही थांबते. हिराइवा उठून दोन पावले गेले होते. त्यांचे बूटही थांबले.

"नागोशी-कुन, काही अडचण?" सभापतींचा आवाज आला.

"पट्टी चुकीची घेतली. बदलून आणते."

हे त्या चारचौघांत, पुऱ्या आवाजात म्हणाल्या. एका क्षणात बाकांवर खसखस पिकली, मग आरोळ्या उठल्या.

"चष्माही बदलून आणा!"

"बोट चुकेल हो तुमची!"

"चार वर्षांनी रंग कळला का?"

पावले परत येऊ लागली. रांगेच्या उलट, हिराइवांच्या अंगावरून. आमच्या बाकाशी ते त्यांना आडवे आले आणि अगदी हळू बोलले. कागदाखालून मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"बसा. चक्कर आली म्हणा. मत देऊ नका, मी सांभाळून घेतो. तरीही प्रस्ताव वीस-एकोणीसने पास होईल, आणि तुमचा कायदाही वाचेल. कुणाचंच नुकसान नाही."

"मी परिचारिका आहे, हिराइवा-सान. चक्कर कशी दिसते ते मला माहीत आहे. ही ती नव्हे."

कागद उचलला गेला. बहीण बाकावर आली, मी मुठीत गेले. त्या तळहाताला घाम होता, आणि नाडी अंगठ्याच्या मुळाशी इतकी उडत होती की माझे नऊ ग्रॅम हलत होते. पण या वेळी मूठ मिटलेली नव्हती. त्यांनी मला तीन बोटांत उभे धरले होते, सगळ्यांना दिसेल असे. एकतीस पावले. एकही राहिले नाही.

व्यासपीठावर तादोकोरो-सान पट्ट्या घेत होते. नियमाप्रमाणे त्यांचा चेहरा कोरा होता. मला मात्र त्यांनी बाकीच्यांपेक्षा अर्धा सेकंद जास्त धरले, मग निळ्या चळतीवर ठेवले.

शेवटचे मत पडले तेव्हा मोजायची गरजच उरली नव्हती. दोन चळती सारख्या उंचीच्या होत्या. वीस आणि वीस. रंगाच्या दोन थरांमुळे आमची केसभर उंच दिसत होती, एवढाच फरक.

बरोबरी झाली की निर्णय सभापतींचा. कोगुरे-सान त्याच गटाचे, हिराइवांचे जुने मित्र. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. त्यांनी नियमांचे पुस्तकही उघडले, खरे तर त्यातली ती ओळ त्यांना पाठ असणार.

"मते समान झाली तर आहे ते तसेच राहू द्यावे, असा या सभागृहाचा रिवाज आहे," ते म्हणाले. "मला तो मोडता येत नाही. प्रस्ताव फेटाळला."

प्रेक्षकांच्या सज्जातून कुणीतरी मोठ्याने विचारले, "काय झालं? राहिला का?" तो कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज होता.

आठवड्याभरात चौदाही सह्या परत घेतल्या गेल्या. कागद घेऊन हिराइवा स्वतःच आले. प्रत्येक नावावर आडवी रेघ होती.

"मी नाही काढल्या. त्यांनी काढल्या."

"तुमचीही होती ना यात?"

"माझी पहिली होती," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी बाकावर बोटे ठेवली नाहीत.

एप्रिलच्या निवडणुकीत गटाने नागोशी-सान यांना उमेदवारी दिली नाही. त्या एकट्या उभ्या राहिल्या आणि तीनशे बारा मतांनी पडल्या. बेटाने भरभरून मते दिली, पण त्यांच्या मतदारसंघात बेटापेक्षा किनारा मोठा. कार्यकाळ संपल्यावर विधिमंडळाने छापलेल्या ग्रंथात त्यांची चार वर्षे अशी आहेत: प्रश्न विचारले अकरा, मांडलेले कायदे शून्य, मंजूर झालेले कायदे शून्य, होकार तेवीस, नकार एक. हे सगळे आकडे बरोबर आहेत. मी स्वतः पडताळून पाहिले आहेत. एकोणीस पावले जाऊन परत येण्याला मात्र त्या तक्त्यात रकाना नाही, आणि तो का नाही, हा प्रश्न मला अजून छळतो. सहा बेटांना परिचारिका मिळाली नाही, यालाही रकाना नाही. तोही प्रश्न मला छळतो.

बाक रिकामे करायला त्या आल्या तेव्हा तादोकोरो-सान आम्हा दोघींना घेऊन उभे होते. पुढच्या सत्रापासून बाकांवर बटणे बसणार होती, आणि जाणाऱ्या सदस्यांना हवी तर एक पट्टी आठवण म्हणून देणार होते.

"निळी नेणार ना, सेन्सेई? मी कापडात गुंडाळून ठेवलीय."

मला वाटले, आता मी पुन्हा समुद्र ऐकणार.

"नाही," नागोशी-सान म्हणाल्या. "पांढरी द्या."

"पांढरी? ती किती मळलीय हो. लोकांना काय दाखवणार तुम्ही?"

"लोकांना नाही. जेवायच्या टेबलावर मलाच समोर हवीय. एका वेळेचं कौतुक सगळे करतात. तेवीस वेळा मी काय केलं ते कुणी विचारत नाही, आणि त्यातले सात-आठ प्रस्ताव तरी मी नीट वाचलेही नव्हते." मग त्यांनी माझ्यावरून एकदा अंगठा फिरवला. "हिला इथेच राहू द्या. हिचं काम इथे आहे."

तादोकोरो-सान यांनी माझ्यावरचे कापड सोडवले. बहिणीला त्यांनी कापडात गुंडाळले, मला नाही. आमची लाकडाची रेष त्या दिवशी तुटली ती कायमची.

तेव्हापासून मी तळघरातल्या लोखंडी कपाटात आहे. आठ वर्षे झाली. तादोकोरो-सान निवृत्त झाले. एका खोक्यात आम्ही एकाहत्तर पट्ट्या आहोत, निळ्या जास्त. बाहेर नेण्यासारख्या आठवणी आमच्याजवळ कमीच असतात.

मागच्या उन्हाळ्यात सहावीची मुले सभागृह पाहायला आली. खेळातले मतदान करायला आम्हाला वर नेले. माझ्या नावावर कागदाची चिठ्ठी चिकटवून दुसरे नाव लिहिले. प्रश्न होता, शाळेतली मधली सुट्टी पाच मिनिटांनी कमी करावी का. शिक्षकांनी आधी स्वतःची पांढरी वर केली. मग अठ्ठावीस मुलांनी पांढऱ्या दिल्या. अठ्ठावीस! मधली सुट्टी कमी करायला! एका मुलीने मला उचलून खाली ठेवले, पुन्हा उचलले, शेजारणीकडे पाहिले आणि ठेवून दिले. त्या बोटांचा थंडपणा मी ओळखला.

मित्रांनो, मी रागाचा रंग नाही. उगाच उचलायची वस्तूही नाही. पण मला वर्षानुवर्षे कप्प्यात ठेवाल तर हाताला फक्त एकच वाट ठाऊक होईल, आणि ज्या दिवशी खरेच नकार द्यायचा असेल, त्या दिवशीही हात तिथेच जाईल. तुमची पट्टी देण्याआधी मूठ उघडून एकदा बघा. आणि तुमच्या वतीने जे कुणी बटण दाबतात त्यांच्या ओळीतले गोल नि फुल्या कधीतरी बोट ठेवून मोजा. लाकडाला तेलपाणी लागते तसे निवडलेल्या माणसाला कुणीतरी पाहत राहावे लागते. नाहीतर तोही वाकतो.

परवा कपाटाशी दोन कारकून बोलत होते. ओकिनोसेच्या दवाखान्याचा तोच प्रस्ताव पुन्हा येतो आहे, या गुरुवारी, सकाळी दहाला. यंदा रुग्णांची सरासरी सात आहे. वाऱ्याचा उल्लेख आहे की नाही, ते कुणी बोलले नाही. मी तेव्हापासून खोक्यात एका जागी ठरत नाही. मला वर जाता येणार नाही. तुम्हाला येईल. सज्जात प्रेक्षकांसाठी ऐंशी जागा आहेत, आणि बहुतेक रिकाम्याच असतात. तिकीट नाही. दाराशी वहीत नाव लिहावे लागते, बस.